‘आलं’ म्हणायचं काम

काका वेगळे झाले आणि घरात दोन चुली पेटल्या, त्या वर्षी भिंगरीला दहावं सरत होतं. घराच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. ती पुरती सुकलीही नव्हती, तोवर आईने हाक मारली, "भिंगरे, झाडू घे."

भिंगरी भिंतीकडे बघत उभी राहिली. आधी अशी हाक आली की ती काकूच्या खोलीतून मागच्या दाराने निघून जायची. आता तिथे भिंत होती.

एकत्र होते तोवर तिचं झकास चाललं होतं. घरात माणसं भरपूर, आणि भरपूर माणसांत अंग चोरायला जागाही भरपूर. शेण काढायला हाक आली की ती पाणी भरायला निघालेली असायची, पाणी भरायला बोलावलं की लाकडं आणायला, आणि लाकडांचं विचारलं की, "मघाशीच आणली ना काकूने." खोटं नसायचं ते. काकूने खरंच आणलेली असायची. शेंगा फोडायला बसवलं तर पाचव्या शेंगेला तिच्या पायाला मुंग्या यायच्या, दहाव्या शेंगेला पोटात दुखायचं, आणि आई टोपली उचलायला वाकली की ती जागेवर नसायची. पायात भिंगरी आहे पोरीच्या, असं कोणीतरी म्हणालं आणि तेच नाव पडलं. शाळेत बाईसुद्धा हजेरी घेताना एकदा चुकून भिंगरी म्हणून गेल्या.

वाटणी झाल्यावर चुलत भाऊ पलीकडे गेला, काकू पलीकडे गेली, आणि अलीकडे उरली तिघंच. आई, वडील आणि ती. तांबडी गाय यांच्या वाट्याला आली, काकांना बैल. जमीन अर्धी अर्धी. विहीर तेवढी एकच राहिली, कारण विहिरीच्या मधून भिंत घालता येत नाही. इंजिन सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. विहीर काकांच्या बाजूला आली होती, त्यामुळे यांचं पाणी काकांच्या रानातून पाटाने वाहत यायचं.

"आता तुझं एक काम पक्कं," वडील म्हणाले. "पाणी भरायच्या दिवशी तू शेंड्याला, रानाच्या पार टोकाला, उभी राहायचंस."

त्यांनी कांदा लावला होता. सऱ्या लांबलचक, आणि रानाच्या मधे जमिनीला पाठ आलेली, म्हशीच्या पाठीसारखी. वडील पाटाजवळ फावडं घेऊन उभे असत. एक सरी फोडली की पाणी त्या पाठीवरून पलीकडे उतरायचं आणि मग वडिलांना दिसायचं नाही. ते शेंड्याला पोचलं की तिथल्या माणसाने ओरडायचं, "आलं!" मग वडील ती सरी बंद करून पुढची फोडणार. आधी हे काम काकू करायची. काकूचा आवाज बारीक, पण अख्ख्या रानात जायचा.

"एवढंच?" भिंगरीने विचारलं.

"एवढंच."

पहिल्या पाळीला तिने ते नीट केलं. पाणी किती हळू चालतं हे तिला त्या दिवशी कळलं. ढेकळाशी थांबायचं, ढेकूळ भिजवायचं, बाजूने वाट काढायची, एखादी भेग दिसली की तीत शिरून बसायचं. पुढे काटक्या, वाळलेली पानं, बुडता बुडता पळणारे किडे. भिंगरी एका पायावर उभी राहिली, मग दुसऱ्या. मग बसली. मग पाण्याच्या तोंडाशी जाऊन त्याला म्हणाली, "चल की रे." बोटाने वाट करून दिली. पाणी तिच्या बोटापर्यंत आलं आणि तिथेच मुरलं. ओढ्याच्या काठाला जांभळाचं झाड होतं, त्याच्या फांदीवर शाळेतली पोरं चढलेली दिसत होती, हसणं ऐकू येत होतं. इथे उन्हात मान भाजत होती आणि अजून अर्ध्याहून जास्त सऱ्या कोरड्या होत्या.

दुसऱ्या पाळीला पाणी शेंड्यापासून पाच-सहा पावलांवर असतानाच ती ओरडली, "आलं!"

काही झालं नाही. वडिलांनी सरी बंद केली, पुढची फोडली. तुटलेलं पाणी आपल्या जोरावर थोडं पुढे सरकलं. म्हणजे तसं खोटंही नाही, तिने मनाशी म्हटलं, येणारच होतं.

पुढच्या सरीला ते आणखी थोडं मागे असतानाच तिने "आलं!" म्हटलं. त्याच्या पुढच्या पाळीला ती जांभळाच्या फांदीवर बसून ओरडू लागली. पाणी बघायला मानही वळवायची नाही. एक गाणं होतं शाळेतलं, ते मनात दोनदा म्हणून झालं की, "आलं!"

"आज पाणी कसं झपाझप पळतंय," वडील घरी येऊन म्हणाले. "दिवस मावळायच्या आत रान भिजलं. पोरगी लक्ष देते हां."

आईने चुलीपुढून मान वर केली. "कोण? ही?"

"मग? हाकेला हाक देते. तुझ्या जावेपेक्षा बरी."

भिंगरीने ताटात मान घातली. कौतुक कसं असतं ते तिला फारसं माहीत नव्हतं. त्या रात्री तिने न सांगता भांडी घासली, आणि आईने तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

कांदा बोटभर झाला, वीतभर झाला. पाटाकडचा हिरवागार, आणि शेंड्याकडचा पिवळा. पातींची टोकं विस्तवाला लागल्यासारखी करपलेली. वडिलांनी एक उपटून बघितला. मुळाशी काही नव्हतं, नुसती दोऱ्यासारखी मुळं. ते तिथेच उकिडवे बसून राहिले.

"पाणी शेंड्यापर्यंत येतंय ना गं?"

"येतंय," भिंगरी म्हणाली. आणि मग, कारण नुसतं येतंय पुरेसं वाटलं नाही म्हणून, "पण बारीक येतं."

त्या एका शब्दाने घात केला. ती घाबरून बोलली होती, जे सुचलं ते. वडिलांनी मात्र तो शब्द घरी नेला, त्याच्याबरोबर जेवले, त्याच्याबरोबर झोपले. बारीक का येतं? विहिरीत पाणी तर आहे. इंजिन तर तेच. दुसऱ्या दिवशी ते पाटाकडेने चालत गेले आणि काकांच्या हद्दीत एका जागी त्यांना बाहेरच्या बाजूला ओल दिसली. काकांनी गुरांसाठी लावलेल्या घासाचा हिरवा तुकडा तिथून जवळच होता. पाटाच्या भरावात उंदराचं बीळ असेल, खेकड्याचं असेल. वडिलांना वेगळंच दिसलं.

तेही त्यांनी घरी बोलायचं, तर पिठाच्या गिरणीत बोलले. गिरणीत पट्ट्याच्या आवाजावरून ओरडून बोलावं लागतं, आणि ओरडून बोललेलं नुसतं बोलल्यासारखं राहत नाही.

"काय म्हणतोय धाकटा भाऊ?" गिरणीवाल्याने विचारलं होतं, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उडवत.

"काय म्हणणार? माझ्या पाळीचं पाणी पितोय!"

बाकीची चार गिऱ्हाइकं होती, ती हसली. गिरणीवाला म्हणाला, "मग काय, भाऊ आहे, तहान लागली असेल." ती आणखी हसली. पीठ घरी येण्याआधी गोष्ट काकांकडे पोचली.

काका वडिलांपेक्षा बरेच धाकटे. वडिलांनीच त्यांना खांद्यावर खेळवलं होतं. त्यांना मिशा आल्या, लग्न झालं, पोर झालं, तरी वडील त्यांना बाळ म्हणत. बाळ, फावडं आण. बाळ, जेवलास का? वाटणीच्या दिवशी मोजणीची दोरी धरतानासुद्धा, "बाळ, ताणून धर."

काका त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून काही बोलले नाहीत. मात्र पुढच्या पाळीच्या दिवशी सकाळी ते रानात आले आणि शेंड्याकडच्या बांधाच्या आड बसून राहिले. भिंगरीला ते दिसले नाहीत. ती फांदीवर होती.

"आलं!"

खाली कोणीतरी खाकरलं. तिने पाहिलं. काका सरीत उभे होते. त्यांनी पायातली चप्पल काढून ती सरीच्या तळावर आपटली. धूळ उडाली.

"उतर," काका म्हणाले.

ती उतरली. काकांनी तिचं मनगट धरलं आणि चालायला लागले. मारलं नाही, शिवी दिली नाही. मधल्या उंचवट्यावर पाणी दिसलं, अजून कुठे अर्ध्या वाटेवर, काटकी ढकलत चाललेलं. तिचे पाय त्यातून गेले, गार वाटलं. तिला मनगट सोडवून पळावंसं वाटत होतं, आणि पळून कुठे जायचं ते सुचत नव्हतं.

पाटाजवळ वडील होते आणि त्या दिवशी नेमका इंजिनाचा मिस्त्रीही होता, कारण वडिलांनीच त्याला बोलावलं होतं, इंजिन कमी पाणी फेकतंय का बघायला. तो हाताचं तेल फडक्याला पुसत होता.

"दादा," काका म्हणाले, "हा घे तुझ्या पाण्याचा चोर."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं.

"झाडावर बसून ओरडते. सरी कोरडी ठणठणीत. मी डोळ्यांनी बघितलं. चल, तूही बघ. मिस्त्री, तुम्हीही चला."

मिस्त्री हसला. "अरे वा! म्हणजे इंजिन बरोबर आहे म्हणा. मीच उगाच नट खोलत बसलो."

तो हसला नसता तर काय झालं असतं, याचा भिंगरीने पुढे फार विचार केला. पण तो हसला. वडिलांचा चेहरा पहिल्यांदा लाल झाला आणि मग मातीच्या रंगाचा झाला. गिरणीतली ती चार माणसं, आणि आता हा मिस्त्री, जो दहा घरी जाऊन सांगणार.

"आलं होतं," वडील म्हणाले. "आलं आणि मुरलं. जमीन पिते तिथली."

"मुरलं? दादा, धूळ उडतेय!"

"माझी पोरगी खोटं बोलत नाही."

असं तिच्याबद्दल आजवर कोणी बोललं नव्हतं. तिला वाटलं आता बोलावं. तोंड उघडलंही. वडिलांनी तिच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं.

काकांनी तिचं मनगट सोडलं. "बरं," ते म्हणाले. "मग मी चोर. चोराच्या रानातून पाणी कशाला नेतोस? तुझी वाट तू बघ."

दुपारपर्यंत त्यांनी पाटाच्या तोंडात दगड रचले आणि वरून माती चोपली.

मग पाणी डोक्यावरून आलं. विहिरीवर सगळ्यांचा हक्क, रानातून वाट मात्र नाही, म्हणून रस्त्याने वळसा घालून. वडील दोन डबे काठीला अडकवून खांद्यावर घेत, आई डोक्यावर घागर आणि हातात बादली, भिंगरीच्या हातात लहान बादली. रस्त्याने जाणारे येणारे थांबून बघत. "काय, कांद्याची आंघोळ का?" असं एकाने विचारलं. वडिलांनी मान हलवली, जसं काही त्याने तब्येत विचारली होती.

बादलीची कडी तारेची होती. पहिल्या दिवशी तळहातावर फोड आले, पुढे फुटले. आईने त्यावर चिंधी बांधली आणि बादली पुन्हा हातात दिली. या कामात अंग चोरायची सोय नव्हती. तिघं एकामागे एक चालत, वडील पुढे, आई मागे, ती मधे. थांबली की आईची बादली पाठीत बसायची. शिवाय चोरावंसं वाटतही नव्हतं, आणि हे तिला जास्त त्रासाचं होतं. पाय जागेवर ठरत नव्हते. रात्री अंथरुणात ती पाय एकावर एक घासत राहायची. आई म्हणायची, "झोप गं, चरक्यासारखी काय फिरतेस." भिंतीपलीकडे काका खोकायचे, ऐकू यायचं.

ती सांगायचं ठरवायची आणि टाळायची. विहिरीवर सांगू. विहिरीवर बायका असत. परत येताना सांगू. येताना डबे भरलेले, वडील धापा टाकत. रिकामे डबे घेऊन जाताना सांगू. तेव्हा वडील भराभर चालत. काम टाळायच्या तिच्या जेवढ्या युक्त्या होत्या, त्या सगळ्या ती आता स्वतःवरच वापरत होती.

शेवटी एकदा वडील ठेचकाळले आणि त्यांचा डबा सांडला. सगळं पाणी रस्त्याच्या धुळीत गेलं आणि धुळीने ते बघता बघता पिऊन टाकलं. वडील दगडावर बसले. त्यांच्या खांद्यावर काठीचा वळ उठला होता, काळानिळा, अळीसारखा फुगलेला. आई त्यांना ओलांडून पुढे निघून गेली.

"बाबा, पाणी शेंड्याला येत नव्हतं. मी उगाच ओरडायचे."

वडिलांनी डब्याच्या तळाला पडलेली पोच अंगठ्याने दाबून पाहिली. "माहीत आहे."

"केव्हापासून?"

"त्याच दिवशी. तू आणि बाळ आलात ना, तेव्हा तुझे पाय गुडघ्यापासून खाली दोन रंगांचे होते. घोट्यापर्यंत चिखल, वर धूळ. शेंड्याला पाणी असतं तर धूळ आली कुठून?"

"मग तुम्ही असं का म्हणालात?"

"म्हटलं खरं." ते उठले. "चार माणसांत बोलून बसलो होतो. आता जाईन त्याच्याकडे. उद्या जाईन."

भिंगरीला इतकं हलकं वाटलं की परतीच्या खेपेला तिने बादली न सांडता आणली.

उद्या वडील गेले नाहीत. गोठ्याच्या छपराचा वासा खिळखिळा झाला होता, तो बसवत बसले. परवा ते विळ्यांना धार लावत होते. सगळ्या विळ्यांना, एक तर कधीच कोणी वापरत नव्हतं त्यालाही. आई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "जाणार होता ना?"

"जातो ना. एवढं उरकतो."

पुढे एकदा ते अंगणातून निघालेही. काकांच्या दारापर्यंत जायला वीस पावलंही नव्हती. मधेच त्यांना गाईचं दावं आठवलं, सैल आहे की काय, म्हणून वळले. दाव्याला काही झालेलं नव्हतं. त्यांनी ते सोडून पुन्हा बांधलं.

भिंगरी बघत होती. आणि हळूहळू तिच्या लक्षात यायला लागलं की हे सगळं ओळखीचं आहे. पाणी आणायला सांगितलं की लाकडाला जायचं. लाकडाचं विचारलं की मघाशीच झालं. वडील कामाला वाघ होते, सगळं गाव म्हणायचं. आता ते कामाच्याच आड लपत होते. ती काम चुकवायला पळून जायची, ते काम चुकवायला कामच करत होते, एवढाच फरक. तिला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. एवढा मोठा माणूस, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला, आणि चुकवतोय आपल्यासारखा. शिवाय नीट चुकवताही येत नव्हतं त्यांना. ती असती तर कोणाला कळलंही नसतं.

एका सकाळी वडिलांनी तोंड धुतलं, धुतलेला सदरा घातला. आईने दारातला झाडू बाजूला घेतला. वडील अंगणात आले, भिंतीकडे पाहिलं, कोपऱ्यातलं फावडं उचललं. "दांडा हलतोय याचा," ते म्हणाले आणि दांडा ठोकायला मागे गेले.

ठक, ठक, ठक.

भिंगरीला ते सहन होईना. ती गोठ्यात गेली. तांबडी तिच्याकडे बघून ओठ चाटायला लागली. भिंगरीने दावं सोडलं, गाईला गोठ्याबाहेर काढलं आणि पाठीवर थाप मारली. काकांच्या रानात गाय शिरणार. काका ओरडणार, वडील धावणार. दोघं समोरासमोर येतील, आणि मग काहीतरी बोलावंच लागेल. भांडले तरी चालेल. भांडण म्हणजेसुद्धा बोलणंच.

गाय तिला वाटलं होतं तशी मक्यात गेली नाही. ती सरळ घासाच्या तुकड्यात गेली. घास कोवळा, गुडघाभर, दवाने ओलाचिंब. गाईने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

भिंगरी बांधाला बसून वाट बघत राहिली. कोणीच ओरडलं नाही. काका विहिरीत उतरून पंपाची जाळी साफ करत होते. काकू दिसत नव्हती. मागे ठक ठक चालूच होती. तिला ओरडता आलं असतं. रानात ओरडायचं हेच तर तिचं काम होतं. पण ती ओरडली असती तर सगळं तिनेच केलं असं ठरलं असतं, म्हणून ती गप्प बसली, गवताची काडी चावत, पाय हलवत. गाय खात होती. कर्र, कर्र, असा आवाज इथपर्यंत येत होता. किती चविष्ट असेल, असंही तिच्या मनात आलं.

ऊन चढलं. गाईने खाणं थांबवलं. मागचा पाय पोटावर मारला. मग पुन्हा. डाव्या कुशीचा खळगा भरून वर आला होता, कोणीतरी आत हवा भरल्यासारखा.

काकूने पाहिलं. तिचा बारीक आवाज रानभर गेला, "अहो, गाय! घासात गाय! फुगली!"

आता दोघं भाऊ दोन्हीकडून धावले, अगदी भिंगरीने ठरवलं होतं तसे. पण एकमेकांकडे त्यांनी पाहिलंच नाही. काका चिखलाने माखलेले, वडील धुतलेल्या सदऱ्यात. वडिलांनी गाईच्या कुशीवर थाप मारली. ढोल वाजावा तसा आवाज आला.

"तेल," वडील म्हणाले. काकू पळाली. काकांनी पोराला सायकलवर बसवून गुरांच्या डॉक्टरकडे पिटाळलं. गाईला चढावर पुढचे पाय वर करून उभं केलं. लाकडाचा तुकडा आडवा घालून तोंड उघडं ठेवायचं होतं, गाय मान झटकत होती, तोंडाला फेस, डोळे बाहेर आलेले.

"बाळ, शिंगं धर," वडील म्हणाले.

काकांनी शिंगं धरली. "दादा, जीभ बघ, जीभ मागे जातेय."

"धरली. ओत तेल. हळू."

"ओततोय."

"बस. आता कूस चोळ. खालून वर. जोर लाव की!"

"लावतोय की!"

भिंगरी बांधावर उभी होती. भाऊ बोलत होते. तिने मागितलं होतं ते होत होतं, आणि ते थांबवायची तिची इच्छा होती. आई आली, तिने भिंगरीच्या दंडाला धरून ढकललं, "बघत काय बसलीस, चोळ!" भिंगरी गाईच्या कुशीला भिडली. कातडी ताणून कडक झाली होती, खाली काहीतरी गुरगुरत होतं. तिच्या तळहाताचे फोड पुन्हा फुटले. ती चोळत राहिली. हात भरून आले, खांदे भरून आले. कोणी बघत नव्हतं, कधीही बाजूला होता आलं असतं. ती झाली नाही.

तांबडी गुडघ्यांवर बसली, मग कुशीवर पडली. डॉक्टर सायकलवर मागे बसून आला, पिशवी घेऊन, तोवर काम संपलं होतं. त्याने पापणी उचलून पाहिली. "उपाशीपोटी ओला घास," तो म्हणाला. "थोडं आधी कळवायचं."

सगळे खाली बसले, जिथे होते तिथे. काकांच्या मिशीला तेल लागलं होतं.

"सुटली कशी?" वडील म्हणाले. "सकाळीच दावं बघितलं होतं मी. घट्ट होतं."

"मी सोडली," भिंगरी म्हणाली.

आई म्हणाली, "काय?"

"मी सोडली. बाबा रोज जातो म्हणायचे आणि जायचे नाहीत. गाय इकडे आली की यावं लागेल म्हणून."

दूर विहिरीवर पाखरं ओरडत होती. वडील उठले, तिच्यासमोर आले. तिने डोळे मिटून गाल पुढे केला.

"ओल्या घासाने गाय मरते," वडील म्हणाले. "घास कापून उन्हात टाकायचा, दव उडू द्यायचं, मग घालायचा. काकूने गेल्या वर्षी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. तू कुठे होतीस?"

ती कुठे होती? तिला आठवेना. कुठेतरी निघून गेलेली होती.

"दादा, राहू दे," काका म्हणाले. त्यांनी भिंगरीचे हात हातात घेऊन तळवे वर केले, पाहिले आणि सोडून दिले. "तिला एकटीलाच काय म्हणायचं? आपण दोघं चांगले घोडे झालो. वीस पावलं चालवली नाहीत कोणाला."

"मी येणारच होतो," वडील म्हणाले.

"मीही वाट बघत होतो."

तेवढंच बोलले. मग काका फावडं आणायला गेले, वडीलही गेले. पडीक तुकड्यात दोघांनी खड्डा खणायला घेतला. वडिलांच्या फावड्याचा दांडा पक्का बसलेला होता. भिंगरीने घमेलं घेतलं आणि माती वाहायला लागली. तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि जा असंही कोणी म्हणालं नाही. काम दिवस मावळेपर्यंत चाललं. एवढ्या मोठ्या जनावराला एवढा मोठा खड्डा लागतो हे तिला माहीत नव्हतं. मधेच काकूने पाणी आणलं, दोन्ही भाऊ एकाच तांब्याने प्यायले, आधी धाकटा, मग थोरला. खणताना बोलले ते खणण्याबद्दलच. इथे मुरूम लागला. कोपरा सरळ घे. बाजूला हो, माती ढासळेल.

पुढच्या पाळीला काकांनी पाटातले दगड काढले. आधी सांगितलं नाही, पाणी आलं तेव्हाच यांना कळलं. शेंड्याकडचा कांदा वाचला नाही. अर्धं रान गेलं, आणि त्या वर्षी घरात दूध नव्हतं. आई काळा चहा ओतताना भिंगरीकडे बघायची नाही. हे मारण्यापेक्षा वाईट होतं. चहा कडू लागायचा आणि भिंगरी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायची.

कामं चुकवायची ती पुढेही राहिलीच, उगाच कशाला खोटं सांगा. शेंगा फोडताना पाय मुंग्यांनी भरायचे ते भरायचेच. पण गुरांच्या दावणीचं काम तिने दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. नवी कालवड आली ती तिनेच वाढवली, आणि घास आणला की तो उन्हात पसरून राखत बसायची, हातात काठी घेऊन.

भिंत तशीच राहिली, चुली दोनच राहिल्या. गिरणीत काय बोललं गेलं होतं आणि मिस्त्रीसमोर काय, ते दोघांनी एकमेकांजवळ पुन्हा कधी काढलं नाही. माफ कर असं कोणी कोणाला म्हणालं नाही.

तांबडी त्या दिवशी दुपार कलायच्या आधी गेली. काका त्यानंतरच्या उन्हाळ्यात, मका कापून झाल्यावर, तापाने गेले, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. वडील त्यांच्यामागे बावीस वर्षांनी गेले.